म्हैसडोहाचे गार्डसाहेब

आमचे घरमालक पोहणाऱ्यांची राखण त्यांच्याकडे पाठ करून करीत. म्हैसडोहाच्या वरच्या अंगाला नाल्यात घुसलेला एक सपाट खडक आहे. त्यावर घडीची लोखंडी खुर्ची टाकून ते सकाळपासून बसलेले असत. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट, पायात काळे बूट. मांडीवर दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी. गळ्यात शिट्टी. तोंड उगमाच्या दिशेला. त्यांच्या पाठीमागे लोक डोहात उतरत, ओरडत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत. ते मान वळवीत नसत. जवळजवळ अख्ख्या उन्हाळ्यात त्यांनी एकाही माणसाला पोहताना पाहिले नाही.

असे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारले होते.

"गार्ड मांगं पाह्यते," ते म्हणाले. "समोर पाहाले डायवर असते. पोह्यनारा हा डायवर. तो आपलं समोर पाह्यते. पूर कोठून येते? मांगून. मंग मांगं कोन पाहीन?"

"आणि कोणी बुडायला लागला तर?"

"त्याचं टोकन सांगीन."

एवढे बोलून ते पुन्हा उगमाकडे पाहू लागले. तिथे एक बगळा उभा होता आणि पाणी घोट्याएवढेही नव्हते.

ते छोट्या लाइनीचे, म्हणजे नॅरोगेज रेल्वेचे, गार्ड होते. बालाघाटात छोटी लाइन म्हणजे कोणती, हे अजून कोणाला सांगावे लागत नाही. ती उखडून मोठी लाइन टाकली गेली, त्याच सुमारास त्यांची नोकरी संपली. मी तेव्हा एका हिंदी वर्तमानपत्राचा बालाघाटचा वार्ताहर होतो आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणत. त्यांची पत्नी, म्हणजे काकूसुद्धा, बाजारात पाठवताना "गार्डसाहेब, सांबार आनजा," असेच सांगत. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ते हिरवी झेंडी दाखवल्यासारखा हात करीत आणि निघत.

घराचा जिना अरुंद होता. जिन्यावर एका वेळी एकच माणूस, असा नियम होता. वरच्याने उतरण्याआधी ओरडायचे, "लाइन क्लियर?" खालून "क्लियर" आल्यावर पाय टाकायचा. एकदा गॅसचे सिलिंडर आणणारा माणूस रिकामे सिलिंडर खांद्यावर घेऊन वर उभा होता आणि मी खाली उभा होतो. दोघांनी एकदमच लाइन मागितली. गार्डसाहेबांनी विचार केला आणि मला सोडले.

"चाचाजी, और मैं?" वरून आवाज आला.

"तू मालगाडी. पॅसेंजर पह्यले. लूपमंदी लाग."

लूप म्हणजे गाडी बाजूला उभी करायचा रूळ, इथे माझी खोली. तो माणूस सिलिंडरसह माझ्या पलंगाशेजारी उभा राहिला, मी वर गेलो, मग तो खाली उतरला. पुढच्या वेळेपासून तो जिन्याच्या तोंडाशी आला की स्वतःच म्हणे, "चाचाजी, मालगाड़ी आउटर पर खड़ी है."

पाहुणे निघाले की गार्डसाहेब दारात उभे राहत आणि शेवटचा माणूस गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत दार लावत नसत. कटंगीला पुतण्याच्या लग्नात वरात मांडवात आली तरी त्यांनी पंगत बसू दिली नाही. वरातीत सर्वांत मागे कोण आहे, ते त्यांना दिसले नव्हते. शेवटी बँडवाल्यांचा जनरेटर ओढणारा हातगाडीवाला आला. गार्डसाहेबांनी त्याच्या पाठीकडे नीट पाहिले आणि मान डोलावली. तेव्हा कुठे पाने मांडली गेली.

"शेवटचा डबा पाह्यल्याबिगर लाइन मोकळी झाली म्हनता येत नाही," ते म्हणत. हे त्यांचे सर्वांत आवडते वाक्य होते. त्याचा अर्थ साधा होता. गाडीच्या शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते. गाडी स्टेशनातून गेली की कोणीतरी ती पाटी डोळ्यांनी पाहायची असते. पाटी दिसली नाही, तर एखादा डबा मागे रुळावर सुटून राहिला असण्याची शक्यता असते, आणि तोवर दुसरी गाडी सोडायची नसते.

छोट्या लाइनीच्या शेवटच्या गाडीवर गार्ड तेच होते. त्या दिवशी फलाटावर गर्दी होती. लोक इंजिनाला हार घालत होते, इंजिनासमोर फोटो काढत होते. गार्डसाहेब गाडीच्या दुसऱ्या टोकाला एकटे उभे होते. त्यांनी त्या दिवसाबद्दल कधी दुःखाने सांगितले नाही. तक्रार म्हणून सांगितले.

"सगळे इंजिनापाशी. शेवटचा डबा कोनी पाह्यलाच नाही. मंग लाइन बंद झाली कशी म्हनाची? नियमानं ते गाडी अजून रस्त्यावरच हाय."

म्हैसडोह त्यांच्या गावाचा. गाव बालाघाट जिल्ह्यातल्या हट्ट्याच्या बाजूला. तिथे त्यांची धानाची थोडी जमीन होती आणि उन्हाळ्यात ते काकूंसह गावीच राहत. गावाबाहेर नाला वळतो, त्या वळणावर पाण्याने खडक कोरून डोह केला आहे. अलीकडच्या काठाला वाळू आणि गुडघाभर पाणी, मध्ये पुरुषभर, आणि पलीकडच्या कड्याखाली किती ते दरवर्षी बदलते, कारण पावसाळ्यात वाहून आलेला गाळ दरवर्षी वेगळ्या जागी बसतो. काठावर जांभळाचे मोठे झाड आहे. एप्रिल-मेमध्ये नाल्यात इतरत्र घोटाभरही पाणी नसते, डोह मात्र भरलेला असतो. पूर्वी तिथे गावातल्या म्हशी आणि माणसे येत. मोबाइलवर फोटो फिरू लागल्यावर शहरातून मोटारसायकली येऊ लागल्या.

त्यांवरून आलेल्या एका तरुणाने आदल्या वर्षी कड्यावरून डोके खाली करून उडी मारली. त्याच्याही मागच्या वर्षी तिथे खोल होते, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. त्या वर्षी तिथे गाळ होता. तो वाचला नाही.

सरपंचबाईंनी डोहाभोवती काटेरी तार लावायचे ठरवले. बाई तरुण होत्या, स्वतः कारभार पाहत आणि कमी बोलत. त्या तरुणाच्या आईसमोर पोलिसांबरोबर त्यांनाच उभे राहावे लागले होते. तारेची भेंडोळी पंचायतीच्या ओसरीत येऊन पडली तेव्हा गार्डसाहेब तिथे गेले. बाई नात्याने त्यांची दूरची पुतणी लागत.

"तार लावशीन तं पोट्टे रेतीच्या खड्ड्यात जातीन," ते म्हणाले. नदीपात्रातून वाळू काढून झालेले ते खड्डे डोहापेक्षा वाईट होते, हे खरे होते. "अपघात झाला म्हनून लाइन बंद करत नाही, बाई. नियमानं चालवते. मले एक उन्हाळा दे."

"अन् काही झालं तं, काकाजी?"

"तं पह्यला खांब मी गाडतो."

बाईंनी उन्हाळा दिला. पाऊस लागेपर्यंत एकही अपघात झाला नाही, तर तार लागणार नव्हती. झाला, तर त्याच दिवशी लागणार होती. हे सगळ्या गावासमोर ठरले. काकूंनी मला नंतर सांगितले की त्या रात्री गार्डसाहेबांनी ट्रंकेतून पांढरा युनिफॉर्म काढला आणि "एक लाइन बंद झाली, दुसरी होऊ देनार नाही," असे म्हणून तो स्वतः धुतला. एरवी ते स्वतःचा रुमालही धूत नसत.

त्यांचे नियम त्या उन्हाळ्यात सगळ्या पंचक्रोशीला पाठ झाले. सकाळी ते बांबू घेऊन डोहाची खोली जागोजागी तपासत आणि जिथे गाळ किंवा बुडालेले लाकूड लागे, तिथे वर लाल चिंधी बांधलेली काठी रोवत. मग पाण्याचा रंग पाहत. मग पाण्याचा वास घेत. वरच्या बाजूला एका दगडाला त्यांनी चुन्याचा पट्टा मारला होता. पट्टा पाण्याखाली गेला, किंवा पाण्यावर ताजा पालापाचोळा येऊ लागला, किंवा डोंगराच्या बाजूला आभाळ काळे झाले, की लाल झेंडी. इथे ऊन असले तरी लाल झेंडी.

गुडघाभर पाण्याला ते यार्ड म्हणत. यार्डात कितीही माणसे बसू शकत. प्रत्येकाने आधी यार्डात बसून मान, छाती, डोके ओले करायचे आणि श्वास शांत होऊ द्यायचा. "इंजिन तापलेलं हाय, एकदम पान्यात घालाचं नाही." उडी बंद. आत जायचे ते चालत, पाय चाचपत. दारू प्यायलेल्याला यार्डातही जागा नव्हती. "ब्रेक नाही त्या गाडीले लाइन नाही." शहरातून आलेली मुले म्हणत, "अंकल, बस एक सेल्फी पत्थर पे," आणि अंकल उगमाकडे पाहतच म्हणत, "सेल्फी यार्डमें."

खोल पाण्यात एका वेळी एकच माणूस, आणि त्यासाठी टोकन. छोट्या लाइनीवर एकच रूळजोडी असल्याने, ज्या गाडीच्या हाती टोकन तिलाच पुढच्या स्टेशनापर्यंत जायची मुभा असे. डोहासाठी गार्डसाहेबांनी तसेच टोकन स्वतः बनवले. बांबूच्या कामटीचे ताटाएवढे कडे, त्याला शिवलेली कातडी पिशवी, पिशवीत डोहातलाच एक गोल गोटा. हे कडे जांभळाच्या झाडाला ठोकलेल्या खुंटीवर टांगलेले असे. खोल पाण्यात जाणाऱ्याने ते काढून खांद्यात अडकवायचे, काठावर निघाल्यावर परत टांगायचे. कडे खुंटीवर असेल तर डोह मोकळा. नसेल तर डोहात माणूस. गार्डसाहेबांना मागे वळून डोहाकडे पाहण्याची गरज नव्हती, ती यामुळे. तासातासाला ते खुर्चीवरून उठून खुंटी पाहून येत. डोहाकडे तेव्हाही नाही.

लोकांनी हसायचे तेवढे हसून घेतले. मग सवय झाली. मे महिन्यात काही बायका खुंटीखाली ओळीने बसून "माहा नंबर, माहा नंबर" करू लागल्या. सरपंचबाईंच्या सासूने टोकन खांद्यात घेऊन पुरुषभर पाणी पार केले आणि ते परत टांगताना खुंटीला नमस्कार केला. अपघात झाला नाही. खरचटणेसुद्धा झाले नाही.

पाऊस लागण्याआधीचा बहुधा शेवटचा रविवार. मी शहरातून गेलो होतो. आसपासच्या गावांतले लोक, बाहेरच्या मोटारसायकली, लिंबूसरबताची गाडी, असा मेळाच होता. दुपारी सरपंचबाई पाहणीला आल्या. करार संपत आला होता आणि त्या तो संपला असे सांगायलाच आल्या होत्या, असे त्यांनी मला नंतर सांगितले. गार्डसाहेब त्यांना घेऊन खुंटीपाशी गेले.

खुंटीवर टोकन नव्हते.

"कोन हाय आत?" त्यांनी डोहाकडे पाठ करून विचारले.

बाईंनी डोहाकडे पाहिले. मी पाहिले. पाणी सपाट होते. यार्डात बरेच लोक बसले होते, खोल पाण्यात कोणी नव्हते.

"कोनीच नाही, काकाजी."

"टोकन नाही म्हंजे मानूस हाय."

"पन दिसून तं नाही राह्यला."

"मंग खाली हाय," गार्डसाहेब म्हणाले. त्यांनी शिट्टी वाजवली. ती लांब आणि एकसारखी होती, आणि यार्डातले सगळे जण एकदम उभे राहिले.

टोकन कोणाकडे होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सकाळपासून ते इतक्या हातांतून गेले होते. जो तो आपल्याबरोबरच्यांना मोजू लागला. सगळे भरत होते. मग कोणीतरी चपला मोजायची युक्ती काढली. प्रत्येकाने आपापल्या चपला पायात घातल्या. वाळूवर एक जोड उरला. रबरी, निळ्या पट्ट्यांचा, टाचेला झिजलेला. बायकांनी तोंडाला पदर लावला.

"शेषरावले फोन लावा," कोणीतरी ओरडले.

शेषराव गावातला मोटारपंप दुरुस्त करणारा. त्याच्याइतका दमाचा पोहणारा त्या भागात नव्हता. फोन लागला. "डोहात मानूस गेला, लवकर ये," एवढेच त्याला सांगण्यात आले. तो "आलोच" म्हणाला आणि फारच लवकर आला. मोटारसायकल जांभळाखाली लावली, अंगातला शर्ट काढत धावतच काठावर आला.

"कोन गेलं?"

"मालूम नाही. ह्या चपला हायेत."

शेषरावने चपलांकडे पाहिले. "गरीब घरचा दिसते," तो म्हणाला. "माह्याबी अशाच हायेत."

तो पाण्यात शिरणार तोच गार्डसाहेब आडवे आले.

"टोकनाबिगर आत जाता येत नाही."

"अहो गार्डसाहेब, टोकन त्याच्यापाशी हाय ना!"

"मनूनच. लाइन भरलेली हाय. भरलेल्या लाइनीत रिलीफ गाडी जाते, पन तिच्या समोर लाल झेंडी घेऊन मानूस पायदळ चालते. नियम हाय."

वाद घालायला वेळ नव्हता. गार्डसाहेब लाल झेंडी डोक्यावर धरून स्वतः पाण्यात उतरले. बुटांसकट, पांढऱ्या युनिफॉर्मसकट. माणसे डोहावर असताना ते उन्हाळाभरात पहिल्यांदाच त्यात शिरत होते. त्यांच्यामागे शेषराव, शेषरावमागे बांबू घेतलेले चौघे. पाणी गार्डसाहेबांच्या छातीला लागले, मग गळ्याला. झेंडी हलली नाही. ते थांबले आणि म्हणाले, "आता जा." शेषरावने बुडी मारली.

तो जीव तोडून शोधत होता, हे तिथे असलेला कोणीही सांगेल. तो कड्याखाली गेला, बुडालेल्या लाकडांत हात घालून आला, श्वास घ्यायला वर येई तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असत. "नाही भेटून राह्यला," असे म्हणून पुन्हा खाली जाई. काठावर एका म्हातारीने सूर धरून रडायला सुरुवात केली. ती कोणासाठी रडत होती, ते तिला माहीत नव्हते, पण रडणे चांगले होते आणि इतर बायका तिला साथ देऊ लागल्या. गार्डसाहेब गळाभर पाण्यात झेंडी धरून उभे होते आणि सरपंचबाईंना उद्देशून, डोहाकडेच पाहत, मोठ्याने बोलत होते.

"बाई, तार आनाले मानूस पाठव. पह्यला खांब माहा."

बाईंनी कोणाला पाठवले नाही.

काही वेळाने शेषराव दम खायला काठावर येऊन बसला. काकू त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेल्या. त्या त्याच्या पायांकडे पाहत राहिल्या. पाय अनवाणी होते.

"शेषराव, तुह्या चपला कोठी गा?"

"माह्या?" शेषरावने इकडेतिकडे पाहिले. "इथंच तं ठेवल्या होत्या मंघाशी. पोहाले आलो तवा."

"अन् मंग?"

"मंग पल्याडच्या काठानं निंघालो, गाडी तिकडंच होती. फोन आला, पाटलाची मोटर अडकली मनून. तसाच गेलो."

म्हातारीचे रडणे मध्येच थांबले. काकू जांभळाखाली गेल्या. शेषरावच्या मोटारसायकलच्या हँडलला, पान्ह्यांच्या थैलीशेजारी, बांबूचे कडे लटकत होते. आम्ही सगळ्यांनी तिथून अनेकदा ये-जा केली होती. काकूंनी ते काढले आणि उंच धरले.

"हे का लटकून राह्यलं मंग?"

शेषराव उठला. त्याने टोकनाकडे पाहिले, चपलांकडे पाहिले, डोहाकडे पाहिले. "म्हंजे मीच होतो का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याची भावना होती, पण थोडी निराशाही होती. इतका शोधलेला माणूस सापडावा, अशी त्याची खरोखर इच्छा होती.

लोक हसू लागले. कोणी शेषरावच्या पाठीत धपाटे घातले, कोणी त्याच्या पाया पडल्याचे नाटक केले. "मेलेला मानूस सरबत पिऊन राह्यला रे," असा आरडाओरडा झाला. गार्डसाहेब हसले नाहीत. ते बाहेर आले. युनिफॉर्ममधून पाणी गळत होते. त्यांनी टोकन शेषरावच्या खांद्यात अडकवले, त्याला पुन्हा खोल पाण्यात पाठवले, अलीकडच्या काठाने बाहेर यायला लावले आणि टोकन खुंटीवर टांगून घेतले. मग तिथेच चौकशी सुरू केली.

"टोकन घेऊन लाइनीच्या बाहेर काहून गेला?"

"इसरलो, साहेब."

"डायवर इसरते. मनूनच गार्ड असते. गार्ड काय करत होता?"

शेषरावने चाचरत सांगितले, "तुमी तं... मांगं पाहून राह्यले होते."

"खुंटी सुनी झाली हे गार्डाले किती उशिरा समजलं?"

"आता ते मी कसं सांगू? मी तवा मेलो होतो ना."

गार्डसाहेबांनी चौकशी संपवली. दोष गार्डाचा, असा निकाल दिला. गळ्यातली शिट्टी काढून सरपंचबाईंच्या हातात ठेवली.

"काकाजी, कोनी मेलं नाही," बाई म्हणाल्या.

"टोकन लाइनीच्या बाहेर गेलं. रेल्वेत याले अपघातच म्हनते. करार मोडला. तार लाव."

हसणे थांबले. एवढा वेळ जे गमतीचे वाटत होते, ते आता राहिले नाही. हा माणूस आपला डोह आपल्याच हाताने बंद करायला निघाला होता आणि त्याला परावृत्त करायचे तर नियम वाकवायला सांगावे लागले असते. ते त्याने ऐकले नसते. काकू टोकन हातात नसतानाही हात तसाच उंच धरून उभ्या होत्या.

सरपंचबाईंनी शिट्टीकडे पाहिले. "तार तं लावतो मी," त्या म्हणाल्या. "पक्की लावतो. पन मले एक सांगा. रेल्वे लाइनीले तार असली तं मानसं पल्याड जातच नाही का?"

"जाते. फाटकातून जाते."

"फाटकाले मानूस लागते?"

"गेटमन लागते."

"मंग तुमी..."

"गार्डाले गेटमन करता येत नाही," गार्डसाहेब म्हणाले. "पद खालचं हाय."

"शिक्षा म्हनून?"

गार्डसाहेबांनी विचार केला. गळणारे पाणी त्यांच्या बुटांभोवती साचत होते. मला त्यांचा चेहरा पाहता येत होता आणि त्यावर पहिल्यांदा काहीतरी मोकळे होताना दिसले.

"शिक्षा म्हनून येते," ते म्हणाले.

मी त्या दिवशीची बातमी पाठवली. डेस्कवरून फोन आला, "मृतक का नाम छूट गया है." मृतक नाही, असे मी सांगितले. "तो फिर ख़बर क्या है?" बातमी छापली गेली नाही.

तार लागली. खांब गार्डसाहेबांनी गाडले, पहिला ठरल्याप्रमाणे आणि बाकीचे हौसेने. वाटेवर बांबूचे फाटक झाले, एका टोकाला दगड बांधलेले, लाल-पांढरे पट्टे मारलेले. पांढरा युनिफॉर्म ट्रंकेत परत गेला. गार्डसाहेब निळा सदरा घालू लागले, कारण गेटमन निळ्यात असतो. खुंटी फाटकाच्या खांबावर आली. गावाने त्यांना गार्डसाहेब म्हणणे सोडले नाही. ते दर वेळी दुरुस्ती करत, "गेटमन म्हना." कोणी म्हणाले नाही.

पद उतरल्याचा एक फायदा झाला. गेटमन दोन्ही बाजूंना पाहतो. पाऊस लागण्याआधी जे थोडे दिवस उरले होते, त्यांत त्यांनी लोकांना पोहताना पहिल्यांदा पाहिले. फाटकाशी बसून ते बराच वेळ पाहत होते.

"कसं वाटलं?" मी विचारले.

"लयच हातपाय मारते हे लोकं," ते म्हणाले. "बिनकामाचे. पन बाहेर निंघते तवा हासते." थोड्या वेळाने म्हणाले, "हे मले कोनी सांगतलंच नोयतं."

आषाढात वरच्या डोंगरावर दोन दिवस पाऊस झाला आणि हट्ट्याच्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला. त्याची बातमी देऊन मी दुसऱ्या वाटेने गावी गेलो. पाऊस थांबला होता. डोह राहिला नव्हता. कडा, वाळू, चुन्याचा पट्टा मारलेला दगड, सपाट खडक, सगळ्यावरून लाल पाणी एका मोठ्या आवाजात जात होते. त्यात झाडांच्या फांद्या होत्या, एक दार होते, कोणाचा तरी पाण्याचा निळा ड्रम होता. फाटक खाली होते आणि साखळीने बांधलेले होते. तारेच्या अलीकडे, उंचावर, गार्डसाहेब उभे होते. निळ्या सदऱ्यात, हात पुढे करून. हातात हिरवी झेंडी होती.

"हिरवी काहून?" मी विचारले. त्यांच्याबरोबर बोलताना माझीही भाषा तशी होई.

"मेल हाय ते. तिले थांबवता येत नाही. तिच्यासाठी लाइन मोकळी करून द्या लागते." त्यांनी मान न वळवता सांगितले. "केली हाय. एकबी मानूस आत नाही. मी पाह्यलं. दोन्हीकडं पाह्यलं."

ते सकाळपासून तसेच उभे होते. गावातले लोक पूर पाहून, फोटो काढून घरी गेले होते. संध्याकाळ होत आली. काकू छत्री घेऊन चिखलातून आल्या.

"चाला ना आता. भात थंडा झाला."

"शेवटचा डबा गेला नाही अजून," गार्डसाहेब म्हणाले.

काकूंनी उगमाकडे पाहिले. पाणी येत होते, त्याच्यामागून पाणी येत होते. त्यांनी छत्री मिटून माझ्या हातात दिली.

"मंग झेंडी मले द्या थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "हात दुखला असंन तुमचा."

त्यांनी झेंडी घेतली आणि ती तेवढ्याच उंचीवर धरली.